मुलांच्या पायाखालची जमीन

ॲमस्टरडॅमला जाणारा प्रवासी जे पाहतो ते आम्हीही पाहिले. कालवे पाहिले, कालव्यांवरचे पूल पाहिले, भुरभुर पावसात एका हाताने छत्री धरून सायकल चालविणाऱ्या बायका पाहिल्या, ॲन फ्रँक हिचे घर पाहिले. परंतु या स्थळांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. आमच्या वाचक बंधुभगिनींना आम्ही सांगणार आहोत ते त्या शहरातील मुलांच्या खेळण्याच्या जागांविषयी. त्याला कारणही तसेच आहे.

आमच्या वसाहतीच्या टोकाला एक मोकळा भूखंड आहे. अनेक वर्षे तिथे डेब्रिज पडत असे. महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने मिळून पाठपुरावा केला आणि तिथे बालोद्यान मंजूर झाले. आता 'कोणती खेळणी पाहिजेत त्याची यादी द्या' असा निरोप आला आहे. याद्या निघू लागल्या. कोणाला हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी पाहिजे, कोणाला चार झोपाळे पाहिजेत, कोणाला ओपन जिम पाहिजे आणि प्रवेशद्वाराची कमान तर सर्वांनाच पाहिजे. त्याच सुमारास आमच्या लेकीने आणि जावयांनी तिकिटे पाठविली आणि आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी ॲमस्टरडॅमला गेलो. नात चार वर्षांची. तिला रोज बागेत नेण्याचे काम आमच्याकडे आले. त्यामुळे त्या शहरातील संग्रहालयांपेक्षा बाकांवरच आमचा वेळ जास्त गेला, आणि बाकावर बसून आम्ही जे पाहिले ते आमच्या भूखंडाच्या दृष्टीने पाहिले.

पत्रे लिहून मिळविलेली मैदाने

शहराच्या दक्षिण भागात बेर्टेलमानप्लाइन नावाचा एक लहानसा चौक आहे. चारी बाजूंनी विटांची घरे आणि मधोमध मोकळी जागा. पाहण्यासारखे तिथे काही नाही असे एखादा म्हणेल. परंतु मुलांच्या मैदानांच्या इतिहासात या चौकाला फार मोठे स्थान आहे.

1945 साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हॉलंड देश खिळखिळा झाला होता. घरे कमी, पैसा कमी आणि मुले मात्र पुष्कळ. शहराच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात याकोबा मुल्डर नावाच्या एक वास्तुविशारद बाई काम करीत होत्या. प्रत्येक मोहल्ल्याला घराजवळ, चालत जाता येईल अशी स्वतःची लहान खेळाची जागा असावी, असा विचार त्यांनी मांडला. त्यांच्याच खात्यात आल्डो व्हॅन आयक नावाचा तरुण वास्तुविशारद नुकताच लागला होता. त्याला हे काम मिळाले आणि 1947 साली बेर्टेलमानप्लाइनवर पहिली जागा तयार झाली. तेव्हा त्याचे वय 29 वर्षांचे होते.

त्या पहिल्या जागेत काय होते? रुंद काठाचा एक वाळूचा हौद, हौदात चार गोल दगड, गुडघ्याएवढ्या नि कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी दांड्या, पाच बाक आणि झाडे. बस्स, एवढेच. परंतु लोकांनी ते पाहिले आणि खात्याकडे पत्रे येऊ लागली. आमच्याही गल्लीत एक करा, आमच्याही कोपऱ्यावर जागा आहे. रहिवाशांनी पत्र लिहायचे, जागा दाखवायची, खात्याने ती मोजायची, आराखडा करायचा आणि बांधायची, अशी रीतच पडली. व्हॅन आयक यांनी 1951 साली नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला, परंतु मैदानांचे काम सोडले नाही. 1947 ते 1978 या काळात त्या एका शहरात अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. त्यांतली प्रत्येक वेगळी आहे, कारण प्रत्येक जागेचा आकार वेगळा होता. साधने मात्र तीच, वाळूचा हौद, दांड्या, कमानी, पाऊल टाकण्याचे काँक्रीटचे ठोकळे. मांडणी बदलायची, सामान तेच.

आमच्या मनात भरली ती ही गोष्ट. मोठे उद्यान एक आणि ते लांब, यापेक्षा लहान जागा अनेक आणि त्या जवळ. आई स्वयंपाक करता करता खिडकीतून पाहू शकेल एवढ्या जवळ. आपल्या वस्त्यांतून मोठ्या उद्यानात जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे पडते आणि रविवारच उजाडावा लागतो. मुलांचे खेळणे मात्र रोजचे असते.

पडक्या घरांच्या जागी

लेकीने आम्हाला शहराच्या जुन्या भागात नेले. तिथे डाइकस्ट्राट नावाची अरुंद गल्ली आहे. दोन उंच घरांच्या मध्ये पडलेल्या घराची जागा रिकामी राहिली होती. 1954 साली व्हॅन आयक यांनी त्या बोळवजा जागेत मुलांचे मैदान बसविले. अशा कितीतरी जागा त्या भागात होत्या. त्या रिकाम्या कशा झाल्या हे ऐकले तेव्हा आमचे पाय जड झाले.

हा भाग ज्यूंच्या वस्तीचा. 1940 साली जर्मन नाझींनी हॉलंड व्यापला. त्यानंतर ज्यू कुटुंबांना घराबाहेर काढून छावण्यांत पाठविण्यात आले. हॉलंडमधील एक लाखाहून अधिक ज्यू मारले गेले. त्यांची घरे ओस पडली. 1944-45 च्या हिवाळ्यात शहरात अन्न नव्हते, जळण नव्हते. थंडीने आणि उपासमारीने माणसे मरत होती. लोकांनी ओस घरांतील तुळया आणि तक्तपोशी काढून जाळल्या. तुळया गेल्यावर घरे कोसळली. युद्धानंतर ज्या मोकळ्या जागा दिसत होत्या, त्यांतल्या कित्येक जागांचा इतिहास असा होता. ज्या घरांतली मुले परत आली नाहीत, त्या घरांच्या जागी दुसरी मुले खेळू लागली.

त्याहून एक गोष्ट आम्हाला अधिक लागली. मारण्याच्या आधी बागा बंद झाल्या होत्या. 15 सप्टेंबर 1941 पासून ज्यूंना उद्याने, प्राणिसंग्रहालय, उपाहारगृहे, ग्रंथालये अशा सार्वजनिक ठिकाणी जाण्यास बंदी घालण्यात आली. दारावर तशा पाट्या लागल्या. ज्या दक्षिण भागात ॲन फ्रँकचे कुटुंब राहत होते, त्याच भागात गास्पस्ट्राट नावाचा रस्ता आहे. तिथले मुलांचे मैदान ज्यूंसाठी वेगळा बाजार म्हणून वापरण्यात आले, कारण इतर बाजारांत त्यांना जाता येत नव्हते. आज तिथे त्या भागातील ज्यू मुलांचे स्मारक आहे. आम्ही तिथे गेलो. नातीला काय सांगावे हे आम्हाला कळेना. ती आमचा हात सोडून खेळायला पळाली. आम्हीही तिला थांबविले नाही.

फाटक कोणासाठी?

आमच्या वाचकांना या ठिकाणी फार काही समजावून सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेली जागा आणि सर्वांना खुली असलेली जागा या दोन गोष्टी एक नसतात, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असणार? 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो ठराव कागदावरच राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला सार्वजनिक वावराच्या जागाही आल्या. बाग आणि मैदान त्यातच येते. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कोणालाही तिथे अडविता येत नाही.

हे आम्ही सांगतो आहोत ते केवळ स्मरण म्हणून नव्हे. बालोद्यानाचा आराखडा करताना पहिला प्रश्न हाच असतो की ते कोणासाठी उघडे राहील. हॉलंडमध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मजूर वस्त्यांतून खेळबागा होत्या. त्या चांगल्या होत्या, परंतु त्यांना कुंपण होते आणि सभासदांची वर्गणी होती. 1947 नंतरच्या जागांना तिकीट नव्हते, वर्गणी नव्हती आणि बहुतेक ठिकाणी कुंपणही नव्हते. रस्त्यावरून चालत चालत मूल मैदानात जाई.

आपल्याकडे काय होते ते आपण पाहतोच. उद्यान सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उघडे. किल्ली एका माणसाकडे. दुपारी शाळा सुटलेली मुले कुलपाबाहेर उभी. कुठे झोपडपट्टीतली मुले आत आली की 'खेळणी मोडतात' म्हणून त्यांना हुसकावले जाते. कुठे संध्याकाळी मोठ्या मुलांचे क्रिकेट सुरू होते आणि लहान मुली काठावर उभ्या राहतात. कुलूपही अडविते आणि चेंडूही अडवितो.

हत्ती नाही, कमान

राइक्सम्युझियम या प्रसिद्ध संग्रहालयाच्या बागेत व्हॅन आयक यांची चढण्याची काही साधने आणून बसविली आहेत. बागेला तिकीट नाही. तिथे मुले त्या साधनांवर चढतात आणि आत भिंतीवर जगातली नामांकित चित्रे टांगलेली असतात. आमच्या नातीने चित्रांकडे पाहिलेही नाही. ती लोखंडी नळ्यांच्या घुमटावर चढली. त्या घुमटाला मुले इग्लू म्हणोत, डोंगर म्हणोत, घर म्हणोत. दुसरे साधन म्हणजे कमान, दोन वाकविलेल्या नळ्या आणि मध्ये आडव्या दांड्या, एका बाजूने चढायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरायचे. रंग नाही, चित्र नाही, हत्ती नाही, बदक नाही.

व्हॅन आयक यांनी प्राण्यांच्या आकाराची खेळणी कटाक्षाने टाळली. हत्ती हा हत्तीच राहतो. नुसती कमान मात्र आज पूल होते, उद्या गुहा होते, परवा दुकान होते. आमच्या समोर दोन मुली दांडीला गुडघे अडकवून उलट्या लटकल्या होत्या आणि गप्पा मारत होत्या. त्यांच्या वेण्या वाळूला टेकत होत्या. आम्हाला क्षणभर भीती वाटली. लेक म्हणाली, "आई, घाबरू नकोस. खाली वाळू आहे."

हे एक वाक्य आम्ही या प्रवासातून बरोबर आणले आहे. खाली वाळू आहे.

पडणार हे धरूनच चालावे

आमच्या भागातील एका जुन्या उद्यानात गेल्या वर्षी शेजारचा आठ वर्षांचा मुलगा घसरगुंडीच्या शिडीवरून पडला. घसरगुंडी नवी कोरी होती. रंग छान होता. खाली पेव्हर ब्लॉक होते. त्याचे कोपर मोडले आणि वार्षिक परीक्षा बुडाली. त्याची आई घरकाम करते. तिची पंधरा दिवसांची मजुरीही गेली. लोक म्हणाले, मुलगा मस्तीखोर आहे. आमचे म्हणणे असे की आठ वर्षांचे मूल पडणारच. चढणे, घसरणे, लोंबकळणे हाच तर खेळ. पडले की खरचटावे, हाड मोडू नये, एवढे पाहणे मोठ्यांचे काम आहे.

युरोपातील देशांनी खेळण्याच्या साधनांसाठी 1998 साली एक समान मानक प्रसिद्ध केले आणि त्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. त्याला ईएन 1176 म्हणतात, आणि पडण्याच्या जमिनीसाठी ईएन 1177 आहे. अमेरिकेतही 1981 पासून सरकारी मार्गदर्शक पुस्तिका आहे. या सर्वांतला गाभा आपल्या आया-बहिणींना समजेल असा साधा आहे. तो असा.

एक, उंची आणि जमीन यांचा हिशेब एकत्र मांडावा. मुलाच्या पडण्याची उंची युरोपीय मानकानुसार तीन मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. साधन दोन मीटरपर्यंत उंच असेल तर खाली किमान 20 सेंटिमीटर जाड वाळू पाहिजे, आणि मुलांच्या पायांनी वाळू सरकते म्हणून आणखी 10 सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ एक फूट. वाळू धुतलेली, मातीचा अंश नसलेली असावी. माती मिसळलेली वाळू पाऊस पडला की दडपून फरशीसारखी होते. मुरूम तर दगडच. रबरी लाद्या बसविणार असतील तर त्या किती उंचीवरून पडण्यासाठी तपासल्या आहेत याचा दाखला मागावा. रबर दिसले म्हणजे काम झाले असे नाही, जाडी महत्त्वाची.

दोन, ही मऊ जमीन साधनाच्या बरोबर खाली असून भागत नाही. मूल सरळ खाली पडत नाही, बाजूला फेकले जाते. म्हणून साधनाच्या चारी बाजूंना किमान दीड मीटर मऊ आणि मोकळी जागा पाहिजे. बाकाचा कोपरा, झाडाचा कट्टा, कुंपणाची जाळी त्या अंतरात नको.

तीन, फटी पाहाव्यात. साधारण 9 ते 23 सेंटिमीटर रुंदीची बंदिस्त फट सर्वांत वाईट. त्यातून मुलाचे पाय आणि धड निसटून जाते आणि डोके अडकते. मूल लोंबकळत राहते. फट 9 सेंटिमीटरहून लहान असावी किंवा 23 हून मोठी असावी. कठड्याच्या गजांमध्ये, शिडीच्या पायऱ्यांमध्ये हे माप टेपने घ्यावे. टेप प्रत्येक घरात असते.

चार, झोपाळे मैदानाच्या कडेला ठेवावेत, वाटेवर नव्हे. एका चौकटीत दोनपेक्षा जास्त झोपाळे नकोत, कारण मधल्या झोपाळ्याकडे जाणारे मूल दोन्हींकडून मार खाते. पाटी लाकडाची किंवा लोखंडाची नको, रबराची मऊ हवी. झोपाळ्याच्या पुढे आणि मागे दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा रिकामी ठेवावी.

पाच, घसरगुंडीच्या वरच्या टोकाला कपडा अडकेल असा नट, कोपरा किंवा फट नको. ओढणी, जॅकेटची दोरी, शाळेच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात असताना मुलांना घसरगुंडीवर जाऊ देऊ नये. मूल खाली येते आणि दोरी वर राहते. हे आम्ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. दोरी काढून बाकावर ठेवायला एक क्षण लागतो.

सहा, पाच वर्षांखालील मुलांची जागा वेगळी आणि मोठ्यांची वेगळी. ओपन जिम पाहिजेच असेल तर ती मुलांच्या जागेपासून दूर. तिच्या हलत्या सांध्यांत लहान बोटे सापडतात.

तिथले जसेच्या तसे नको

परदेशातील गोष्ट पाहून आली की ती उचलून आणावी असे वाटते. तसे करू नये. ॲमस्टरडॅमचे ऊन कोवळे असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी लोखंडी घसरगुंडीवर हात ठेवून पाहावा, लहान मुलाच्या मांड्या भाजतात. म्हणून आपल्या बालोद्यानात पहिली वस्तू झाड. कडुनिंब लावा, करंज लावा, परंतु साधने येण्याच्या आधी लावा. झाड मोठे होईपर्यंत शेडनेट चालेल. तोवर घसरगुंडी इमारतीच्या किंवा असलेल्या झाडाच्या सावलीत बसवावी.

तिथल्या उघड्या मैदानाची कल्पना चांगली, परंतु ज्या कोपऱ्यावरून टेम्पो आणि रिक्षा वळतात तिथे कमरेएवढी भिंत पाहिजे. फाटक असे असावे की मूल धावत सुटले तरी थेट रस्त्यावर जाणार नाही. फाटकाला कडी असावी, कुलूप नसावे. वाळूच्या हौदाचा प्रश्नही खरा आहे. कुत्री-मांजरे वाळू घाण करतात. ॲमस्टरडॅमलाही हा त्रास झाला आहे. रात्री जाळी टाकणे, वाळू चाळणे आणि ठरावीक काळाने बदलणे हे जमणार असेल तरच हौद करावा. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून वाळूखाली खडीचा थर आणि निचऱ्याची वाट ठेवावी.

आणखी एक गोष्ट त्या शहराकडून शिकण्यासारखी आहे, आणि ती कौतुकाची नाही. सातशेहून अधिक जागांपैकी मूळ मांडणीत टिकलेल्या जागा आज फारच थोड्या उरल्या आहेत. कुठे मोटारी उभ्या राहू लागल्या, कुठे इमारत आली, कुठे देखभाल संपली. ज्या शहराने मुलांना सातशे जागा दिल्या, त्या शहरातही त्या आपोआप टिकल्या नाहीत. मग आपला एक भूखंड आपोआप कसा टिकेल? हॉलंडमध्ये 1990 च्या दशकात खेळण्याच्या साधनांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याप्रमाणे सार्वजनिक साधनांची नोंदवही ठेवावी लागते, म्हणजे केव्हा तपासले, काय मोडले, केव्हा दुरुस्त केले. नोंदवही ठेवण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. बचत गटाच्या बायका पै-पैचा हिशेब ठेवतात. दर महिन्याला एक पान बालोद्यानाचे लिहिणे त्यांना काय जड आहे?

निवेदनात काय लिहावे

उद्याने आणि क्रीडांगणे पुरविणे हे नागरी संस्थांच्या कामांत मोडते. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत ते स्पष्ट नमूद आहे. ही घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत 1992 साली सामील झाला, मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा आपण उपकार मागत नाही.

आमच्या वसाहतीच्या निवेदनासाठी आम्ही जो मसुदा महिला मंडळापुढे ठेवला आहे, तो वाचकांसाठी थोडक्यात देतो. प्रत्येकाने आपल्या वस्तीप्रमाणे त्यात बदल करावा.

खेळण्यांच्या यादीच्या आधी जागेचा नकाशा मागावा. त्यावर झाडे, पाण्याचा उतार, रस्ता, दिव्याचे खांब दाखवावेत. अंदाजपत्रकात जमिनीचे काम, म्हणजे खोदाई, निचरा, वाळू किंवा रबर, वेगळ्या ओळीत लिहून घ्यावे. ती ओळ नसेल तर पैसा कमानीवर संपतो आणि मुले पेव्हर ब्लॉकवर पडतात. देखभाल किती वर्षे कोणी करायची हे कंत्राटातच यावे. साधनांचे काँक्रीटचे पाये जमिनीच्या वर दिसता कामा नयेत आणि बोल्टच्या टोकांना टोप्या पाहिजेत. चाकाच्या खुर्चीवरचे मूल आत येऊ शकेल असा उतार आणि रुंद फाटक पाहिजे. पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि रात्री आठपर्यंत उजेड पाहिजे, कारण याविना मोठ्या मुली आणि त्यांच्या आया येत नाहीत. बाक अशा ठिकाणी पाहिजेत की बसलेल्या माणसाला सर्व मुले दिसतील. काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रकाची प्रत मिळाली नाही तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावी. काम संपल्यावर बिल निघण्याच्या आधी वस्तीतल्या चार बायकांनी टेप घेऊन जावे आणि फटी मोजाव्यात, वाळूत पट्टी खोचून जाडी पाहावी.

पैसा कमी असेल तर काय? तर खेळणी कमी घ्यावीत, वाळू कमी करू नये. बेर्टेलमानप्लाइनवर एक हौद, चार दगड आणि काही दांड्या होत्या. युद्धाने भिकेला लागलेल्या शहराने ते केले. एक चांगली कमान, दोन झोपाळे, एक बुटकी घसरगुंडी, चार झाडे आणि एक फूट वाळू. एवढ्यावर आमच्या वसाहतीतील मुले दहा वर्षे खेळतील.

मुलांनाही विचारावे. आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही पाचवी-सहावीच्या मुलामुलींना बोलाविले. आम्हाला वाटले, ते मोठी घसरगुंडी मागतील. एक मुलगी उठून म्हणाली, "काकू, आम्हाला लटकायला दांडी पाहिजे, पण मुलांच्या क्रिकेटपासून लांब." ते वाक्य आम्ही मसुद्यात जसेच्या तसे घातले आहे. मसुद्यावर सध्या सह्या घेणे चालू आहे. ज्या वस्त्यांत बालोद्यान मंजूर झाले आहे किंवा व्हावयाचे आहे, त्यांनी येत्या रविवारी आपल्या भूखंडावर एक फेरी मारावी. सोबत टेप न्यावी, वही न्यावी आणि मुलांना न्यावे.